मुरूम लागेपर्यंत

घराला पाया लागतो हे सगळ्यांना मान्य असतं. गाडीच्या खोलीला तो कशाला, असं मात्र मराठवाड्यात बांधकामावर असताना बहुतेक मालक मला विचारत. "साहेब, वर नुसते पत्रे. दीड फूट खणा आणि उरका." काळ्या जमिनीत हा हिशोब उलटा पडतो. तीनमजली इमारत आपल्या वजनानं मातीला दाबून धरते. हलकी खोली मात्र पावसाळ्यात खालची माती फुगली की उचलली जाते. आधी शटर अडकायला लागतं, मग कोब्याला मधोमध फुगवटा येतो, आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांची भेग वर चढते.

आपल्या जुन्या गावांची मांडणी पाहिली की या मातीशी लोकांनी कसा व्यवहार केला ते दिसतं. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. त्यामागे सुपीक जमीन वाचवणं होतं, उंचवट्याची सोय होती. पण घर टिकणं हेही होतं. पांढरीची माती मुख्यतः माणसांच्याच वावरातून तयार झालेली: पडलेल्या भिंती, चुलीतली राख, पिढ्यान्‌पिढ्यांचा केरकचरा. म्हणून तर जुनी वस्ती शोधणारे संशोधक अशा पांढऱ्या टेकाडांवर आधी जातात. मराठवाड्यातल्या तेर गावची टेकाडं प्रसिद्धच आहेत. ही माती काळीसारखी फुगत नाही आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढी फाटतही नाही. माळवदावर अंथरायला लोक तीच नेत.

जमीन पारखण्याची लेखी रीतही आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त ती दिली. हातभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. मला ही परीक्षा मनापासून पटते, कारण घट्ट जमीन उकरली की सैल होऊन जास्त जागा घेते आणि भुसभुशीत जमिनीची माती खड्ड्यात पुरत नाही. दुसरी परीक्षा पाण्याची: खड्डा पाण्यानं भरायचा, शंभर पावलं जाऊन परत यायचं आणि पाणी उतरलं का ते पाहायचं. काळीसाठी मात्र ही कसोटी धोक्याची आहे. भिजलेली काळी पाणी जराही सोडत नाही, त्यामुळे सर्वांत वाईट जमीन उत्तम ठरते. आणि मातीच्या रंगावरून कोणत्या वर्णानं कुठं राहावं हे जे त्याच परंपरेत सांगितलं आहे, त्याचा पायाशी काडीचाही संबंध नाही.

आमच्या भागातल्या गवंड्यांचा नियम याहून साधा आणि अचूक होता: मुरूम लागेपर्यंत खणा. पहार टाकली की हात सांगतो. काळीत ती रुतते, मुरमावर खणकन उडते.

काळी का फुगते, याचं कारण प्रयोगशाळेत उलगडलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट झिजून ही माती झाली. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरतात. 1977च्या भारतीय मानकातली चाचणी फार सुंदर आहे. चाळून वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्यापेक्षा किती वर आली ते मोजायचं. ती दीडपट झाली तर सावध व्हायचं.

उपायही इथलेच. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं 1950च्या दशकापासून तळाशी कंद असलेले पाइल विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूंनुसार ओल बदलत नाही तिथं, ते रोवायचे आणि वरचा बीम जमिनीपासून थोडा उचलून ठेवायचा, म्हणजे माती फुगली तरी त्याला भिडत नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. कट्टी यांनी चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर थर काळीवर दाबून बसवण्याची पद्धत पुढे आणली. कालव्यांच्या अस्तराखाली ती वापरली गेली.

एवढं सगळं हाताशी असताना भेगा वाढल्या, कारण शहरं पांढरी सोडून काळीत उतरली. कालपर्यंत कापूस-ज्वारी काढलेल्या रानाचे प्लॉट पडले. घराचा पाया इंजिनिअर पाहतो; गाडीची खोली मागाहून, कुणालाच न विचारता उभी राहते. पत्र्याचं पाणी तिच्याच भिंतीशी पडतं आणि शेजारचा कडुनिंब दुसऱ्या बाजूची ओल ओढून घेतो. एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो.

तेव्हा तुमचा प्लॉट काळीत असेल तर गाडीच्या खोलीसाठीही आधी एक खड्डा घ्या, मुरूम किती खाली आहे ते स्वतः पाहा आणि मातीचा नमुना जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या. मुरूम हाताशी नसेल तर दीड फुटावर समाधान मानू नका. पाइलचा खर्च विचारा. पत्र्याचं पाणी पन्हळीनं भिंतीपासून दूर काढा. आणि उकरलेली काळी कोब्याखाली परत भरू देऊ नका, तिथं मुरूमच टाकायला लावा.