पानफुटीचा प्रवास



पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोरेगांव भीमाच्या पुढें आमची सणसवाडी आहे. शिरूर तालुका मूळचा पर्जन्यछायेंतला. आतां येथें कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग मजल्यांचीं घरें आलीं. अंगण गेलें, व त्याची जागा खिडकींतल्या कुंडीनें घेतली. अशा कुंडींत पुष्कळदां पानफुटी दिसते. तिला आपण पिढ्यान्‌पिढ्यांची घरची मानतों. इतिहास मात्र निराळेंच सांगतो.

पानफुटीचें माहेर मादागास्कर बेट. मद्रासच्या गव्हर्नराची पत्नी लेडी क्लाइव्ह हिनें १७९९ सालीं मोलुक्का बेटांतून आणवून ती कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानास दिली, अशी नोंद आहे. श्रीरंगपट्टण पडलें व टिपू सुलतान मारला गेला, तेंच हें वर्ष. तेव्हां प्राचीन वैद्यकग्रंथांतला ‘पाषाणभेद’ म्हणजे हीच पानफुटी, ही समजूत कालगणनेपुढें टिकणें कठीण आहे.

सॉल्सबरी या इंग्रज वनस्पतिज्ञानें १८०५ सालीं तिला ‘ब्रायोफायलम’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ फुटणारें पान, म्हणजे शब्दशः आपली पानफुटीच! पानाच्या कांठावरील खांचांतून रोपें फुटतात, याचें जर्मन महाकवि गटे यास मोठें कौतुक. तीं पानें तो स्नेह्यांस पाठवीत असे. १८२६ सालीं मारियान फॉन विलेमर या आपल्या स्नेहिणीस त्यानें अशी भेट धाडली.

परंतु या वनस्पतीचें खरें मर्म उमगलें तें हिंदुस्थानांत. कंपनी सरकारच्या चाकरींतील बेंजामिन हायने यानें तिचें पान वेगवेगळ्या प्रहरीं चाखून पाहिलें. सकाळीं तें आंबट, दुपारीं बेचव व संध्याकाळीं कडवट लागलें. त्याचें हें निरीक्षण लंडनच्या लिनीयन सोसायटीनें १८१५ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचा उलगडा पुढें झाला. इतर बहुतेक झाडें दिवसां रंध्रें उघडून हवा घेतात. पानफुटी तीं रात्रीं उघडते, घेतलेला कर्बवायु आम्लाच्या रूपानें सांठविते, आणि दिवसां रंध्रें मिटून उन्हाच्या बळावर तेंच आम्ल खर्ची घालते. म्हणून कडक उन्हांतहि तिचें पाणी फारसें उडत नाहीं.

घरांत ती जोपासण्याची सारी रीत यांतूनच निघते. जिला पाणी राखतां येतें, तिला रोज पाणी घालणें म्हणजे तिचीं मुळें कुजविणें होय. कुंडीच्या बुडास भोंक असावें, मातींत वाळू मिसळावी, व वरची माती पुरती सुकल्यावरच पाणी द्यावें. पावसाळ्यांत हात अधिकच आखडावा. पूर्वेची खिडकी उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यांत दिवसाचा व्यवहार अडतो व रोप लांबट, दुबळें होतें.

एक गोष्ट मात्र ध्यानीं असूं द्यावी. मुतखड्यावर हीं पानें खाण्याचा प्रघात कित्येक घरीं आहे. पण तींत हृदयावर परिणाम करणारीं विषारी द्रव्यें असतात. ऑस्ट्रेलियांत ती खाऊन गुरें दगावलीं आहेत. म्हणून शेळ्या व लहान मुलें यांच्यापासून कुंडी दूर ठेवावी, आणि वैद्यास विचारल्यावांचून पान तोंडांत घालूं नये. हायनेनें चाखलें तें ज्ञानासाठीं. तें ज्ञान आपणांस आयतें मिळालें आहे, पुन्हां चाखण्याचें कारण उरलेलें नाहीं.