दोन गटारं, एक शब्द

मागच्या वेळी आपण १८५८च्या लंडनमध्ये होतो. थेम्स इतकी नासली होती की पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात भिजवून टांगावे लागले. पुढे बॅझलगेट यांनी भुयारी गटारं बांधली. पण त्यांत मैला आणि पावसाचं पाणी एकाच वाटेनं जायचं. मोठा पाऊस आला की सगळं मिश्रण नदीत सांडायचं.

मुंबईत या वाटा वेगळ्या ठेवल्या गेल्या. मैला वरळीच्या लव्हग्रोव्हसारख्या केंद्रांकडे जातो. रस्त्यावरचं पावसाचं पाणी मात्र नाल्यात आणि तिथून सरळ समुद्रात. मध्ये शुद्धीकरण नाही, कारण पाऊस स्वच्छच असतो असं गृहीत धरलेलं. (तत्त्वज्ञानाच्या माणसाला गृहीतकं खुपतात, चालायचंच!)

हे गृहीतक मोडलं कुणी? थोडं आपल्या भाषेनंच. मैल्याचं तेही गटार, पावसाचं तेही गटार. म्हणून रंगाचा ब्रश धुतलेलं पाणी, गॅरेजमधलं जळकं तेल, बांधकामावरचा सिमेंटचा राडा आपण रस्त्याकडेच्या जाळीत ओततो आणि म्हणतो, पालिका बघून घेईल. ते पाणी बघणारं पुढे कुणी नसतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुन्या नाल्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरची होती, ती दुप्पट करा असं १९९३चा ब्रिमस्टोवॅड अहवाल सांगून बसला होता. खापर फुटलं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर. पिशव्यांनी नाले तुंबले हे खरंच, पण आवळलेली मिठी आणि भरती यांना कोण दंड करणार?

आता एक श्रोते विचारतात, आम्ही काय करायचं? मे महिन्यात रस्ता पाइपनं धुऊ नका, झाडून घ्या. कोरड्या महिन्यांतली धूळ, तेल, टायरचा चुरा पहिल्याच पावसात नाल्यात उतरतो. नाल्यातून काढलेला गाळ काठावर ठेवला असेल तर तो उचलेपर्यंत वॉर्ड ऑफिसच्या मागे लागा. ब्रश घरातल्या मोरीत धुवा, अर्थात ती मोरी मलवाहिनीला जोडलेली असेल तर. जिथे मलवाहिनी पोचलेलीच नाही, त्या वस्तीतली बाई सांडपाणी नाल्यात सोडते, कारण दुसरी वाट तिला कुणी दिलेली नाही. तिला शिस्त शिकवायला मी जाणार नाही. नळ टाकायचं काम कुणाचं, ते पुढच्या आठवड्यात १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यापासून पाहू.