पाठलागातली गोळी

ठाणे जिल्ह्यातून घाटावर चढणाऱ्या दोन मोठ्या वाटा शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतून जातात. एक शहापूर, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याला थळघाटाच्या तोंडाशी पोचते. दुसरी मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकून माळशेजला भिडते. मध्ये डोंगर, दाट रान आणि पायवाटा. सरकारला नको असलेला माणूस पळाला, तर तो रानात तरी शिरणार, नाहीतर यांपैकी एका घाटाकडे तरी धावणार.

या भागातल्या बंडांचा आणि चळवळींचा इतिहास वाचताना मी एका प्रश्नापाशी नेहमी अडखळतो. पळणाऱ्या माणसावर शिपायाने गोळी कधी झाडावी? आज हा प्रश्न धावत्या जीपमधून, पुढे सुसाट जाणाऱ्या गाडीवर झाडलेल्या गोळीचा झाला आहे. सिनेमाने ते दृश्य इतके पाठ करून दिले आहे, की खिडकीतून बाहेर वाकलेला फौजदार दिसला की प्रेक्षक सावरून बसतो. गोळी नेमकी टायरला लागते, गाडी कडेला जाते आणि आत फक्त गुन्हेगारच असतात. खऱ्या पाठलागाला यातल्या एकाही गोष्टीची हमी नसते.

आधी पायी आणि घोड्यावरचे पाठलाग पाहू. राघोजी भांगरे अकोल्याच्या डोंगरातला. शहापूर-मुरबाडच्या माथ्यावरचा हा मुलूख. कंपनी सरकारने त्याच्यामागे माणसे लावली, पण तो सापडला डोंगरापासून दूर पंढरपुरात, १८४८ च्या जानेवारीत. ठाण्यात खटला चालला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. तीस वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडात तर एकाच मोहिमेत दोन्ही प्रकार घडले. १८७९ च्या मे महिन्यात पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घालून परतणाऱ्या दौलतराव नाईकाला मेजर डॅनियलच्या तुकडीने पाठलागात गोळ्या घातल्या. फडके मात्र त्याच वर्षी २० जुलैला देवर नावडगी इथे जिवंत हाती लागले.

हा फरक इतिहासकाराला फार मोठा पडतो. फडके जिवंत सापडले म्हणून पुण्यात खटला उभा राहिला. सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले, फडक्यांची रोजनिशी कोर्टासमोर आली. दुष्काळात माणसे मरताना पाहून त्यांच्या मनात काय उसळले, ते आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळते. दौलतरावाचे काय? त्याच्याविषयी जे कळते ते फडक्यांच्या लिहिण्यातून किंवा त्याला मारणाऱ्यांच्या अहवालातून. बंडातला हा रामोशी नाईक स्वतः एक वाक्यही मागे ठेवून गेला नाही. त्याला ते ठेवू देण्याची सवड कोणी दिली नाही.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाची कथा याच रांगेत बसते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, माथेरानचे. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, नाभिक घरातला. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आसपासच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि ‘आझाद दस्ता’ उभा केला. दस्त्याचे लक्ष्य अचूक होते. टाटांची वीज खोपोलीहून १९१५ पासून आणि भिवपुरीहून १९२२ पासून मुंबईला जात होती. तिच्या तारा कर्जतच्या रानावरून गेलेल्या. मनोरे पाडले की मुंबईतल्या गिरण्यांची आणि युद्धाच्या मालाची चाके थांबणार. दस्त्याने मनोरे पाडायला सुरुवात केली आणि पोलीस मागे लागले.

तो पाठलाग काही आठवड्यांचा होता. रात्री चालायचे, दिवसा रानात पडून राहायचे, भाकरी ओळखीच्या पाड्यावरून यायची. अखेर दस्ता सिद्धगडाच्या जंगलात आला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठले. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच मारले गेले. कोतवाल आधी जखमी होऊन पडले आणि हॉलने नंतर जवळून गोळी घातली, असे या भागात सांगतात. कोतवालांचे वय होते तीस.

मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या स्मारकापाशी दोनदा गेलो आहे. २ जानेवारीला तिथे माणसे जमतात. त्या पहाटेची हकिकत प्रत्येक जण वेगळी सांगतो आणि त्यात नवल काही नाही. जखमी माणूस पकडता आला असता का, हा प्रश्न कोणत्याही न्यायाधीशापुढे उलटतपासणीत विचारला गेला नाही. कोतवाल स्वतः वकील होते. ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते, तर त्या खटल्याचे कागद आज बेचाळीसच्या चळवळीतला एक मोठा दस्तऐवज ठरले असते.

कायदा काय म्हणतो? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ कोतवालांच्या वेळी लागू होते. अटक करताना विरोध झाला तर पोलिसाने आवश्यक ती सर्व साधने वापरावीत. मात्र ज्याच्यावर मृत्यूची किंवा काळ्या पाण्याची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. १९७३ च्या संहितेत काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच मर्यादा कलम ४३ मध्ये बसली. सव्वाशे वर्षांत अक्षरे फारशी हललेली नाहीत.

या कलमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समोरचा माणूस कोण आणि त्याच्यावर आरोप कशाचा, हे गोळी झाडणाऱ्याला ठाऊक आहे, असे कायदा मानतो. सिद्धगडावर हॉलला ते ठाऊक होते. धावत्या जीपमधल्या शिपायाला पुढच्या गाडीची मागची काच दिसते. आत दरोडेखोर आहे, परवाना नसलेला घाबरट पोरगा आहे, की अडकलेला ओलीस, हे त्याला कुठून दिसणार?

दिल्लीत ३१ मार्च १९९७ रोजी नेमके हेच घडले. एका गुंडाच्या मागावर असलेल्या पोलिसांनी निळी मारुती एस्टीम हेरली, तिचा माग काढत ते कॅनॉट प्लेसपर्यंत आले आणि गाडी रहदारीत थांबलेली असताना तिच्यावर गोळ्या झाडल्या. दोन जण मेले, एक जखमी झाला. तो गुंड गाडीत नव्हताच. होते ते व्यापारी. आतून आधी गोळी आली, हा पोलिसांचा बचाव टिकला नाही. दहा पोलिसांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०११ रोजी कायम केली. ही गाडी तर उभी होती. ती धावत असती तर?

साधा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. हादरणाऱ्या जीपमधून हात स्थिर राहत नाही. टायर म्हणजे फिरणारे, अर्धे झाकलेले, छोटे लक्ष्य. चुकलेली गोळी रस्त्यावर संपत नाही. ती समोरच्या एसटीकडे, ढाब्याकडे, कडेने चाललेल्या बाईकडे जाते. आणि नेम लागला, चालकच पडला, तरी ब्रेक कोणी दाबलेला नसतो. हजार-बाराशे किलोचे लोखंड त्याच वेगाने, आता कोणाच्याही ताब्यात नसताना, पुढे जात राहते. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने १९७२ मध्येच धावत्या गाडीतून किंवा धावत्या गाडीवर गोळी झाडायला नियमाने मनाई केली. समोरून गाडीखेरीज दुसरे प्राणघातक हत्यार चालवले जात असेल तेवढाच अपवाद. शिकागो किंवा शिकारपूर, गाडीचे गणित सारखेच असते, त्यामुळे हा नियम परका मानायचे मला कारण दिसत नाही.

पोलिसांची बाजू मी हलकी धरत नाही. पुढच्या गाडीतून खरोखरच गोळ्या येत असतील तर? मुंबईने तेही पाहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाब आणि इस्माईल यांनी पोलिसांचीच क्वालिस पळवली आणि धावत्या गाडीतून मेट्रो सिनेमापाशी गोळ्या झाडल्या. पुढे त्यांनी स्कोडा हिसकावली. ही गाडी थांबली ती गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर. डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी रस्त्यावर अडथळे लावले होते. गाडी वळवण्याच्या नादात दुभाजकावर आदळली. थांबलेल्या गाडीतल्या इस्माईलवर पोलिसांनी गोळी झाडली आणि तिथे ती झाडणे भागच होते. दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी अंगावर घेतली आणि सोडली नाही. सोबतच्यांनी लाठ्यांनी त्याला जेरबंद केले. ओंबळे गेले, कसाब जिवंत राहिला. त्यामुळेच दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब झाला, खटला उभा राहिला, आणि तो कट कुठे शिजला हे न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिले गेले.

नाकाबंदीला शहापूर-मुरबाडइतका सोयीचा मुलूख कोकणात थोडाच असेल. कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या चढाला लागलेल्या मोटारीला आडवाटा फार नाहीत. वरच्या ठाण्याला बिनतारी संदेश गेला की पुढे इगतपुरी किंवा मढच्या बाजूला अडथळा लागू शकतो. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातून जातो. त्यावर ताशी १२० ची मर्यादा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. पण त्यावर चढायच्या आणि उतरायच्या जागा मोजक्या, प्रत्येक ठिकाणी टोलनाका आणि कॅमेरा. मागे जीप पळवून खिडकीतून पिस्तूल काढण्याआधी पुढच्या नाक्याला फोन लावता येतो, आणि तो लागायला एक मिनिटही लागत नाही.