पहिला हेडफोन घेताय? कमी पैशात हे बघा

तीर्थपुरीत उर्दू असो की मराठी माध्यम, मुलांचा अभ्यास मोबाईलवरही चालतो. बजेट कमी असेल तर वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथ-बॅटरीचा खर्च वाचतो, त्याच पैशात आवाज चांगला मिळतो. मोबाईलला ३.५ मिमीचा जॅक आहे की टाईप-सी, आधी तपासा. १६ ते ३२ ओहमचा हेडफोन मोबाईलवर नीट वाजतो. कान पूर्ण झाकणारा घेतला तर बाहेरचा गोंगाट कमी येतो, आवाज वाढवावा लागत नाही. दुकानातच घालून बघा, पक्कं बिल घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच ऐकावा. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. आवाज ६० टक्क्यांखालीच ठेवा. मोठ्या आवाजाने कायमचं गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही.