चाकांवरचे घर व त्याची डागडुजी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी यांचाच पसारा डोळ्यांपुढे येतो. आम्ही आज एका गळक्या छपराचा इतिहास सांगणार आहोत. हे छप्पर अमेरिकेतील मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या घराचे आहे. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आपल्या रस्त्यांवरून ट्रॅक्टरमागे उसाची ट्रॉली जाते. तिच्यावर एक खोली बांधावी, आत चूल, बिछाना व पाण्याची टाकी बसवावी, म्हणजे साधारण कल्पना येईल. या विषयात आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही. गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या फिटर, टिनस्मिथ मंडळींची संघटना बांधता बांधता, दुपारच्या सुटीत जे कानी पडले आणि रात्री वाचनालयातील पुस्तकांशी जे ताडून पाहिले, तेवढीच आमची शिदोरी.

या घराचा जन्मच पावसात झाला. आर्थर शर्मन हे डेट्रॉईटचे जंतुशास्त्रज्ञ. १९२९ साली त्यांनी सुटीवर जाण्यासाठी मोटारीमागे ओढायचा घडीचा तंबू विकत घेतला. पाच मिनिटांत उभा राहतो, अशी विकणाऱ्याची ग्वाही होती. वाटेत पाऊस लागला, तंबू काही उभा राहीना, आणि सारे कुटुंब ओलेचिंब झाले. शर्मन यांनी मग सुताराकडून चार भिंतींचे पक्के खोके करवून घेतले. लाकडाचा लगदा दाबून केलेल्या तक्त्यांचे हे खोके १९३० च्या डेट्रॉईटच्या मोटार-प्रदर्शनात मांडले आणि गिऱ्हाईक तुटून पडले. 'कव्हर्ड वॅगन' हे नाव त्यांनी जुन्या वसाहतवाल्यांच्या गाड्यांवरून घेतले. पुढे सहा वर्षांत ते त्या देशातील ट्रेलरचे सर्वांत मोठे कारखानदार झाले.

पण पाऊस काही मागे राहिला नाही. चाकांवरचे घर आणि जमिनीवरचे घर यांत मोठा फरक असा की, पहिले प्रत्येक खड्ड्याबरोबर पिळवटते. छपराचे सांधे उकलतात, खिडकीच्या चौकटीतले लुकण सुकते आणि केसाएवढी फट पडते. त्या फटीतून शिरलेले पाणी दिसत नाही. ते भिंतीच्या आतल्या बाजूने उतरते, खालच्या लाकडात मुरते, आणि मालकाला पत्ता लागतो तो पाय तक्तपोशीतून खाली गेल्यावर! आपल्या कोकणातला शेतकरी मृगाच्या आधी घर शाकारतो. कौल फुटलेले दिसो न दिसो, एकदा वर चढून ओळी चाळतोच. ट्रेलरच्या छपराचेही तसेच आहे. वर्षातून दोनदा वर चढून सांधे पाहणे, जुने लुकण पूर्ण खरवडून नवे भरणे, हे त्याचे पहिले काम. जुन्यावरच नवा थर फासणारा कारागीर पाणी आत कोंडून ठेवतो.

लाकडावर उपाय म्हणून ॲल्युमिनियम आले, ते विमानाच्या कारखान्यातून. हॉली बोलस यांनी १९२७ साली लिंडबर्गचे अटलांटिक ओलांडणारे विमान बांधण्याच्या कामावर देखरेख केली होती. १९३४ मध्ये त्यांनी विमानाच्या धडासारखाच रिव्हेटांनी जोडलेला चकचकीत ट्रेलर काढला. व्यवहार त्यांना साधला नाही, कारखाना बुडाला. वॉली बायम यांना तो साधला. ट्रेलरचे आराखडे छापून विकता विकता ते कारखानदार झाले होते, आणि १९३६ साली त्यांनी त्याच धर्तीचा 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला. किंमत १२०० डॉलर. मंदीच्या त्या वर्षांत कामगाराने त्याच्याकडे लांबूनच पाहावे!

येथे रिव्हेटाविषयी थोडे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. असला पक्का रिव्हेट मारायला दोन माणसे लागतात. एक जण बाहेरून हवेची बंदूक धरतो, दुसरा आत लोखंडी ठोकळा टेकवून उभा असतो. मध्ये पत्रा, एकमेकांचे तोंड दिसत नाही. आतल्याचा ठोकळा तिरपा झाला की रिव्हेटाचे डोके वाकडे बसते, आणि तेथून पुढेमागे पाणी शिरते. बाहेरून चकाकणाऱ्या कामाचे श्रेय बाहेरच्याला मिळते, हा भाग निराळा. आपली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला प्रथम धावली, ती लाकडी बॉडीची बेडफर्ड होती. पुढे दापोडीच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या बॉड्या चढू लागल्या, तेव्हा आपल्याकडच्या कारागिरांच्या हातीही हीच विद्या आली.

ॲल्युमिनियम गंजत नाही, असे लोक समजतात. ते पोलादाला टेकलेले असले आणि मध्ये ओल असली की दोहोंत विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. एअरस्ट्रीमचे कवच ॲल्युमिनियमचे, खालची चेसिस पोलादी, आणि दोहोंच्या मध्ये प्लायवुडची तक्तपोशी. गळती झाली की तिन्ही एकदम आजारी पडतात. अशा जुन्या गाडीचे काम करणारे लोक सगळे बोल्ट काढून कवच अख्खे वर उचलतात, चेसिस घासून रंगवतात, नवे प्लायवुड घालून कवच पुन्हा उतरवतात. हे महिनोन्‌महिन्यांचे काम आहे. चाकांच्या बेअरिंगा दरवर्षी, किंवा दहाबारा हजार मैलांनी, उघडून धुऊन वंगण भरावे लागते. १९६० च्या दशकात पाट्यांच्या जागी रबरावर तोललेले आस आले. धक्के कमी झाले, परंतु वीसपंचवीस वर्षांत रबर कडक होते आणि मग सबंध आसच बदलावा लागतो.

सुधारणा करणाऱ्याने वजनाचे भान ठेवावे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार मोटारीला जोडलेल्या टोकावर पडला पाहिजे. हौसेने मागच्या बाजूला बॅटऱ्या, सामानाच्या पेट्या लादल्या की पुढचे टोक हलके होते, आणि वेगात गाडी शेपटीसारखी हेलकावे खाऊ लागते.

महायुद्धात या घरांचे रूप पालटले. ॲल्युमिनियम विमानांना गेले, एअरस्ट्रीमचे उत्पादन १९४२ मध्ये थांबले, आणि बायम स्वतः विमान-कारखान्यात कामाला लागले. इकडे सरकारने हजारो ट्रेलर विकत घेऊन युद्धसामग्रीच्या कारखान्यांभोवती वसवले. मिशिगनमधील विलो रन येथे बॉम्बफेकी विमाने बांधणारी बिऱ्हाडे त्यांतून राहिली. न्हाणीघरे सामाईक असत. सुटीची वस्तू अशी मजुराचे घर झाली, आणि ती पुन्हा कधी निव्वळ सुटीची झाली नाही. बायम यांचे तांडे जगभर हिंडले. १९५९ मध्ये केपटाऊनहून कैरोकडे निघाले. १९६२ साली बायम वारले, पण पुढच्याच वर्षी निघालेला तांडा भारतातूनही गेला, आणि ताजमहालाजवळची त्या चंदेरी गाड्यांची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात.

आता एल्कहार्टकडे वळू. इंडियाना राज्यातला हा जिल्हा या धंद्याची राजधानी. तेथे संघटना फारशी रुजली नाही, आणि मजुरी बव्हंशी नगावर. दिवसाचे नग जितक्या लवकर पुरे होतील, तितकी घरी जायची मोकळीक. आम्हांस विचाराल तर गळतीचे मूळ या हिशेबात आहे. सांध्यात लुकण नीट भरायला जे चार मिनिटे जास्त लागतात, ती कामगाराच्या खिशातून जातात. ती वाचवली की पुढे मालकाच्या खिशातून जातात. मंदी आली की हेच गाव आधी कोसळते. २००९ साली तेथे जवळजवळ पाचांत एक माणूस बेकार होता.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले. सरकारने लाखाहून अधिक कुटुंबांसाठी ट्रेलर व फिरती घरे घाईने मागवली, आणि कारखान्यांनी ती घाईने पुरी केली. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्यांतून फॉर्माल्डिहाइड वायू सुटू लागला. डोळे चुरचुरणे, खोकला, नाकातून रक्त अशा तक्रारी आल्या. अखेर सरकारी आरोग्यखात्याने ५१९ घरांतील हवा तपासली, आणि २००८ साली सांगितले की सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग आहे. सामान्य घरात ते साधारण १० ते २० असते. हाच वायू माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असे आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवले होते. राहणाऱ्यांची हवा तपासली गेली. त्याच फळ्या कापणाऱ्या, भुशात दिवसभर उभ्या असलेल्या मजुरांची गोष्ट वृत्तपत्रांतून क्वचितच आली.

फळ्यांतील वायूवर मर्यादा घालणारा कायदा २०१० साली झाला. कारखान्यांवर त्याची सक्ती २०१८ पासून. दरम्यान सरकारने ते ट्रेलर लिलावात फुंकले. 'राहण्यास वापरू नये' अशी चिठ्ठी त्यांना चिकटवलेली होती. २०१० च्या उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, किनारा साफ करायला मजूर गोळा झाले आणि त्यांना राहायला जागा हवी होती. लुइझियानात वार्ताहरांना ते याच ट्रेलरांतून राहत असलेले आढळले. कित्येकांवरच्या चिठ्ठ्या निघालेल्या होत्या.