मद्यसेवन आणि यकृतातील मेद

चंदीगड – दीर्घकाळ अतिमद्यसेवन करणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींच्या यकृतात मेद साठतो. हा मेद केवळ तेलकट आहारातून येत नाही. त्यातील बराचसा यकृताच्या पेशींतच तयार होतो आणि तेथेच अडकून पडतो. मद्यार्काचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि नंतर अ‍ॅसिटेट होताना पेशींतील एनएडी या सहविकराचे एनएडीएचमध्ये रूपांतर होते. मेदाम्लांच्या ज्वलनालाही एनएडीच लागते. ते अपुरे पडल्याने ज्वलन मंदावते व शिल्लक मेदाम्लांपासून ट्रायग्लिसराइड बनते. ते रक्तात वाहून नेणाऱ्या कणांचे उत्सर्जनही अ‍ॅसिटाल्डिहाइडमुळे बिघडते. मद्यपींचे यकृत केवळ कुपोषणामुळे खराब होते, हा जुना समज चार्ल्स लीबर यांच्या १९६० च्या दशकापासूनच्या संशोधनाने मोडीत काढला.

या अवस्थेत रुग्णाला सहसा कोणताही त्रास जाणवत नाही, हाच खरा धोका. मद्य पूर्णपणे सोडल्यास मेद काही आठवड्यांत ओसरू शकतो. न सोडल्यास काहींना यकृतदाह व सिरॉसिस होतो.

तीव्र मद्यजन्य यकृतदाहावर उपचार मोजकेच आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या चंदीगडच्या पीजीआय संस्थेत अशा ४६ रुग्णांवर जी-सीएसएफ या औषधाची चाचणी झाली. अस्थिमज्जेला चालना देणाऱ्या या औषधाच्या गटातील ७८.३ टक्के रुग्ण ९० दिवसांनी हयात होते, तर दुसऱ्या गटातील ३०.४ टक्के. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र जर्मनीत यकृत अचानक निकामी होत असलेल्या जुन्या यकृतरुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाचा लाभ आढळला नाही.