रांगेला लागायच्या आधी

आमच्याकडं ‘बहात्तर’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. लेकराचं वय विचारलं तर जुनी माणसं म्हणायची, ‘बहात्तरात पोटात व्हता.’ मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. दुधनेच्या काठाला आमचं गाव, खाली काळीभोर जमीन. त्या जमिनीत पिकलेल्या जवारीवर वाढलेली माणसं अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोसाठी थैली घेऊन रांगेत उभी राहिली. शहरातले मित्र विचारतात, असं कसं झालं? पाऊस पडला नाही म्हणून, एवढं उत्तर त्यांना पुरतं. मला ते अर्धंच वाटतं.

कारण एक वर्ष पाऊस नाही आला तर आमच्याकडं कोणी रांगेला लागत नसे. गढीच्या अंगणात पेवं होती. जमिनीत खोल खणायचं, आतून कडब्याचा नि भुसकटाचा थर लावायचा, जवारी ओतायची, वरून मातीनं तोंड लिंपून टाकायचं. चार-चार वर्षं दाणा टिकायचा. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे. आधी कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर माणसानंही उतरायचं नाही. त्या जवारीला एक कुबट वास यायचा, भाकर जराशी काळपट व्हायची. आजी म्हणायची, ‘वास येतो म्हणून काय झालं, घरची हाय.’

ज्याच्याकडं पेव नव्हतं तो पेववाल्याकडं जायचा. सवाईनं नाहीतर दीडीनं दाणे उचलायचे, म्हणजे पायलीला सव्वा पायली नाहीतर दीड पायली सुगीत परत घालायची. ही काही दया नव्हती. कितीतरी घरांचं रान याच हिशेबात गेलं. पण दार उघडं होतं. सुतार-लोहाराला बलुतं मिळे, सालगड्याला सालाचे दाणे ठरलेले असत. खळं झालं नाही की हे सगळं एकदमच बंद. गावकुसाबाहेरच्या घरांना ना पेव, ना उधारी. भूक तिथं पहिल्यांदा गेली, आपल्या घरी फार उशिरा आली, हे आमच्यासारख्या कुणबी घरातल्या माणसानं लिहिताना विसरू नये.

१९७० पासूनच पावसानं हात आखडला होता. पहिल्या वर्षी पेव अर्ध्यावर आलं, दुसऱ्या वर्षी तळ दिसला. तिसऱ्या वर्षी दीडीनं द्यायलाही कोणी तयार होईना. परत घालणार कुठून? मग आईचे गोट गेले, मग तांब्याचा हंडा, मग बैलं. बैलं विकताना बापूंनी भाव केला नाही. दावणीला चारा नव्हता, भाव कशाचा करणार? रानात तरोटा, केणा, घोळ जे मिळेल ते शिजत होतं. विहिरींना थोडं पाणी होतं. म्हणून जुनी माणसं आजही म्हणतात, बहात्तरात पाणी होतं, पण दाणा नव्हता.

मी पुढं एक गोष्ट जोडतो: हाती पैसाही नव्हता. बाजारात थोडीफार जवारी येत होती. ती घ्यायला मजुरी लागते, आणि शेतच उभं नाही तर मजुरी कोण देणार? म्हणून दुष्काळी कामं निघाली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती.

आई खडीवर गेली. पहिले आठ-दहा दिवस ती आमच्या शिवारातल्या कामावर गेलीच नाही. पहाटे अंधारात निघून दोन कोसांवरच्या कामावर जायची. तिथं सोयरं कोणी नव्हतं. ‘झाकली मूठ हाय तव्हर झाकू द्या,’ एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिला तिथं गढीवरच्या सूनबाई भेटल्या. दोघींनी पदर पुढं ओढला आणि एकाच ढिगावर बसल्या. नंतर दोघी गावातल्याच कामावर जाऊ लागल्या. खडी फोडायला सगळ्या जातींची माणसं एका ओळीत बसत. पाण्याचा माठ मात्र वेगळा.

कामावर सुकडी मिळे. पिठाची, गोडसर, कोरडी. आई ती पदरात बांधून आणायची, स्वतः किती खायची कोण जाणे. मिलोच्या पिठाला चिकटपणा नव्हता, भाकर थापताना कडा फुटायच्या. आजीनं दोन दिवस ती शिवली नाही. तिसऱ्या दिवशी पाण्यात कुस्करून खाल्ली आणि कोणाशी बोलली नाही.

रोजगार हमीचं बीज वि. स. पाग्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात लावलं होतं. दुष्काळात ते राज्यभर गेलं, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून बघावी, ती कपात अजून आहे. मला या योजनेचं मोल वाटतं ते यासाठी, की माणसाला ‘द्या’ म्हणावं लागत नव्हतं, ‘काम काढा’ म्हणता येत होतं. आईला मजुरीचे पैसे मोजून घेताना मी पाहिलंय आणि सुकडी घेतानाही पाहिलंय. चेहरा एक नव्हता.

आता रांग कशाची? २०१५ पासून परभणीसह चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळू लागला. जिल्हे निवडले होते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरून. म्हणजे सातबारा नावावर असणं हीच रांगेत उभं राहायची पात्रता झाली. २०२३ मध्ये ते धान्य बंद होऊन माणशी महिन्याला दीडशे रुपये खात्यात टाकायचं ठरलं. आमचा चुलतभाऊ म्हणाला, ‘दादा, दीडशे रुपयांत जवारी किती येती, तुमीच सांगा.’

त्याला चार एकर रान आहे. त्यात जवारी नाही, सोयाबीन आहे. जवारी पाखरं खातात, काढायला माणूस मिळत नाही, आणि दुकानाची उधारी पैशातच फेडावी लागते. पेव त्यानं केव्हाच बुजवलं. त्या जागेवर दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागते, आठवडाभरात ती मोंढ्यावर जाते, आणि येताना त्याच टेम्पोत तो जवारीचं एक कट्टं विकत घेऊन येतो.